प्लॉटवरून गेलेली फेरी

मोरटाकळीच्या शाळेत प्रभावती साळवे येऊन दोन वर्षं झाली होती. एवढ्या काळात हेडमास्तर भुजंगराव गुरुजींविषयीचं आपलं मत तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण लपवलंही नव्हतं. गुरुजी बोलायला लागले की ती खिडकीबाहेर बघायची. ते थांबले की मान वळवून विचारायची, "झालं का, गुरुजी?" आणि आपल्या वर्गावर निघून जायची.

शाळा चौथीपर्यंतची, खोल्या दोन आणि शिकवणारी माणसंही दोनच. पहिली-दुसरी गुरुजींकडे होती आणि तिसरी-चौथी तिच्याकडे. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं होतं. रोज सकाळी ते दोन्ही वर्गांच्या फळ्यांवर रंगीत खडूने सुविचार लिहीत. त्यात अर्धा तास जाई, आणि त्यापुढे दिवसभर ते काही करत असल्याचं तिने पाहिलं नव्हतं. पहिलीतली पोरं त्यांची मोटरसायकल पुसायची आणि दुसरीतली हौदावरून पाण्याची कळशी आणून त्यांच्या खोलीवर टाकायची. ही खोली सरपंच अप्पारावांच्या वाड्याला लागून होती आणि भाडं न घेता दिलेली होती. त्यामुळे अप्पाराव शिंकले तरी गुरुजींचा रुमाल बाहेर यायचा.

प्रभावती राजूरला राहायची. रोज जीपने फाट्यापर्यंत यायची आणि तिथून पायी गावात. वाटेवरच अप्पारावांचं रान लागायचं, आणि पावसाळा सरत आला की त्या रानातच तिला आपल्या वर्गातल्या मुली दिसायच्या. अप्पाराव एका कंपनीसाठी कपाशीचं बियाणं करायचे. गावात त्याला सीड प्लॉट म्हणत. उद्या उमलणारी कळी आज दुपारी नखाने सोलून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाची फुलं तोडून आणून त्यांचा पराग तिला लावायचा. हे काम दोन-अडीच महिने चालतं आणि त्यात एका दिवसाचीही सुट्टी नसते. फूल एकदाच उमलतं. त्या सकाळी पराग लागला नाही तर ते बोंड कामातून गेलं. सकाळी परागाचं क्रॉसिंग, दुपारी कळ्या सोलणं, म्हणजे शाळेची वेळ बरोबर मध्ये कापली जायची. तिसरी-चौथीत तेवढ्या दिवसांत मुलगे दिसायचे, मुली नाहीत.

पहिल्या वर्षी ती अप्पारावांकडे गेली होती. ओसरीवर दोन-तीन माणसं बसलेली. अप्पारावांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, आतून चहा पाठवला. सगळ्यांना कपबशीत आला, तिला कागदी पेल्यात. तिने तो पेला उचलला नाही. अप्पारावांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि समजूत घालावी तसं म्हणाले, "पोरींची बोटं बारीक असतेत, बाई. कळीला धक्का लागत न्हाई. देवानंच दिलेत तसली बोटं."

"तुमच्या मुलीची बोटं जाड आहेत का?" तिने विचारलं. अप्पारावांची मुलगी जालन्याला इंग्रजी शाळेत होती.

अप्पाराव हसले. ती गोष्ट वेगळी, म्हणाले. ओसरीवरची माणसंही हसली, आणि शेजारच्या खोलीतून नेमके त्याच वेळी आलेले गुरुजी सगळ्यात मोठ्याने हसले. तेव्हापासून तिने अप्पारावांच्या ओसरीवर पाय ठेवला नाही. वरती एक-दोन अर्ज केले. त्यांचं काय झालं ते तिला कळलं नाही, आणि विचारायला जावं इतका त्या साहेबलोकांवर तिचा विश्वासही नव्हता.

दुसऱ्या वर्षी ऐन सप्टेंबरात वरून हुकूम आला की प्रत्येक शाळेने बालहक्क पंधरवडा साजरा करायचा. प्रभातफेरी, घोषणा, पालकसभा, आणि शेवटी पथक येऊन सगळं बघणार. उत्तम शाळेला जालन्याला कार्यक्रमात ढाल. गुरुजींच्या अंगात वारं शिरलं. ढाल शब्द ऐकल्यापासून ते चार वेळा खोलीबाहेर येऊन शाळेच्या भिंतीकडे बघून गेले. बहुतेक ती कुठे टांगायची याचा विचार चालला असावा.

दोन दिवसांनी जालन्याहून बॅनर छापून आला. 'बालकांचे हक्क हेच आमचे कर्तव्य.' त्याखाली हात जोडलेले अप्पाराव, त्यांच्या बाजूला सौजन्य म्हणून पुन्हा अप्पारावांचंच नाव, आणि कोपऱ्यात दुधाच्या डब्यावर असतं तसलं एक गोरंपान, गुबगुबीत, निळ्या डोळ्यांचं बाळ. प्रभावतीने ते बाळ बराच वेळ न्याहाळलं. मोरटाकळीत असलं पोर आजवर जन्माला आलं नव्हतं. त्याचे हक्क सांभाळायला गुरुजींना आणि अप्पारावांना काहीच जड जाणार नव्हतं.

मुलांच्या हातात द्यायचे फलक तिने लिहावेत असं ठरलं. तिने लिहिले. शिक्षणाचा हक्क, खेळण्याचा हक्क, आरामाचा हक्क, आणि एकावर 'आम्हाला कामाला जुंपू नका'. गुरुजींनी तो शेवटचा बाजूला काढून ठेवला. "हा नको. गैरसमज होतो," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"होतो बाई. गावात होतो."

मग खरी अडचण त्यांच्या लक्षात आली. फेरी सकाळची, आणि सकाळी मुली प्लॉटवर. मुलींशिवाय फेरीचा फोटो पथकापुढे ठेवला तर ढाल दुसऱ्या शाळेला जाणार. गुरुजी दोनदा अप्पारावांकडे जाऊन आले. एक दिवस मुली सोडा म्हणावं एवढी हिंमत त्यांच्यात नव्हती, आणि म्हटलं असतं तरी अप्पारावांनी सोडल्या नसत्या. अखेर तिसऱ्या खेपेला ते चेहरा फुलवून परत आले. अप्पारावांनी मोठं मन केलं, म्हणाले. फेरी शाळेतून निघेल आणि प्लॉटवरून जाईल. तिथे मुली सऱ्यांमधून बाहेर येतील, फलक हातात घेतील, घोषणा देतील. राजूरचा फोटोवाला फोटो काढेल. मग मुली आपल्या कामाला परत. पाच-दहा मिनिटांचं काम. पथक दुपारच्या आत येईल तेव्हा मुली फेरी करून दमल्या, घरी जेवायला गेल्या असं सांगायचं.

प्रभावतीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. थट्टा करत असतील असं क्षणभर वाटलं. पण गुरुजींना थट्टा जमत नव्हती.

"पोरींनी प्लॉटमधून बाहेर यायचं, हक्क मागायचा आणि परत प्लॉटमध्ये जायचं," ती म्हणाली.

"तेच तर. कुणाचं नुकसान न्हाई," गुरुजी म्हणाले.

फेरीच्या दिवशी तिने यायलाच नको असं ठरवलं होतं. मग वाटलं, न येऊन कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार आहे? ती आली. पुढे बॅनर धरलेले दोन मुलगे, त्यांच्यामागे बारकी पोरं, आणि बाजूने नवा सफारी घातलेले गुरुजी. पोरं ओरडत होती. काय ओरडतोय हे त्यांना कळत नव्हतं, पण ओरडायला मिळालंय याचा आनंद होता. प्रभावती सगळ्यात मागून चालत होती.

प्लॉटच्या बांधावर अप्पाराव उभे होते. धुतलेलं धोतर, टोपी. त्यांनी हाक मारली तशा मुली सऱ्यांमधून बाहेर आल्या. डोक्याला ओढण्या बांधलेल्या, बोटं परागाने पिवळी, कमरेला नर फुलांनी भरलेल्या पिशव्या. त्या सकाळची फुलं त्यांनी नुकतीच तोडून आणली होती, लावायला सुरुवात व्हायची होती. फोटोवाला म्हणाला, पिशव्या मागं करा, दिसायला नको. मुलींनी पिशव्या पाठीकडे सरकवल्या. गुरुजींनी फलक वाटले. मधोमध अप्पाराव उभे राहिले.

बेबीनंदाच्या हातात 'खेळण्याचा हक्क' आला. बौद्धवाड्यातल्या कचरूची ती मुलगी. तिसरीत असताना सगळ्या वर्गात ती एकटी न अडखळता वाचायची. पाठ संपला तरी पुढचं पान वाचत बसायची. गुरुजी म्हणाले, तुझ्या हातातलं मोठ्याने वाच, म्हणजे बाकीच्या तुझ्यामागं म्हणतील. बेबीनंदाने फलक आपल्याकडे वळवला. "खे," ती म्हणाली. थांबली. "खेळ... ण्या..." तिचं पिवळं बोट अक्षरांखालून सरकत होतं. पुढे येईना. गुरुजींनी कंटाळून स्वतःच घोषणा दिली आणि फोटोवाल्याने सगळ्यांना हसायला सांगितलं.

प्रभावतीला त्या क्षणी सगळ्यांचा तिटकारा आला. गुरुजींचा होताच, अप्पारावांचा होताच. पण नाक मुरडत रोज याच बांधावरून शाळेत जाणाऱ्या बाईचाही आला.

फोटो झाला. गुरुजींनी हात झटकले. "चला मुलींनो, आता आपापल्या कामाला."

"फेरी संपली नाही अजून," प्रभावती म्हणाली. ती पुढे झाली आणि बेबीनंदाचा हात धरला. "शाळेतून निघालो, शाळेत जायचंय. चला."

मुलींनी अप्पारावांकडे पाहिलं. अप्पारावांना वाटलं वळणापर्यंत नेतील, शोभेसाठी. गुरुजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते मान डोलावत राहिले. प्रभावती चालू लागली. बेबीनंदा तिच्याबरोबर, तिच्यामागे तिची मैत्रीण, मग एकेक करत सगळ्या. फलक हातात, फुलांच्या पिशव्या कमरेला तशाच. वळण आलं आणि मागे पडलं. कुणी थांबलं नाही.

मग मागून अप्पारावांचा आवाज आला. फुलं वाळून जातील, म्हणत होते. नंतर काय म्हणाले ते पोरांच्या घोषणांत बुडून गेलं. पोरं आता नव्या जोमाने ओरडत होती, कारण ताई-माई, बहिणी फेरीत आल्या होत्या. गुरुजी पळत तिच्या बरोबरीला आले. सफारीच्या काखा भिजल्या होत्या. आवाज दाबून म्हणाले, "साळवेबाई, तुम्हाला नोकरी करायची का न्हाई?"

"तीच करून राह्यले, गुरुजी," ती म्हणाली आणि मुलींना पाय उचलायला सांगितलं.

शाळेत तिने मुलींना वर्गात बसवलं. फुलांच्या पिशव्या कोपऱ्यात ठेवायला लावल्या. त्या पिशव्यांमध्ये अप्पारावांच्या प्लॉटची अख्खी सकाळ होती. आता गावातली मोठी माणसं प्लॉटवर उतरवली तरी लावायला त्यांच्या हाती फूल नव्हतं. हे तिच्या ध्यानात नंतर आलं. तेव्हा तिने काही योजलेलं नव्हतं. फळ्यावरचा गुरुजींचा सुविचार पुसून तिने तिथे बाराखडी लिहिली.

पथक आलं. जीपमधून एक मॅडम आणि दोन साहेब उतरले. गुरुजींनी गुच्छ दिले. चेहऱ्यावर रक्त नव्हतं, पण तोंडातून स्वागत बरोबर बाहेर पडत होतं. मॅडम वर्गात आल्या आणि भरलेला वर्ग बघून खूश झाल्या. बेबीनंदाच्या बोटांकडे बोट करून त्यांनी विचारलं, हे पिवळं काय गं?

"फुलाचं," बेबीनंदा म्हणाली.

"छान. फुलांची रांगोळी काढली का आज?"

प्रभावतीला आधी हसू आलं. मग तिने सांगितलं की रांगोळी नाही, हा सरपंचांच्या सीड प्लॉटवरचा पराग आहे. या मुली श्रावणापासून तिथेच असतात, शाळेत आज आल्या आहेत. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, मग घड्याळाकडे. एक साहेब म्हणाले की पालकांचं प्रबोधन व्हायला हवं. दुसरे साहेब म्हणाले, खरं आहे, प्रबोधनच कमी पडतं. मग तिघेही जेवायला गेले. जेवण अप्पारावांच्या घरी होतं.

ती जीप वाड्यापुढे उभी असतानाच कांताबाई शाळेत आली. बेबीनंदाची आई. तिच्यामागे आणखी पाच-सहा जणी. अप्पारावांनी निरोप धाडला होता की आजची रोजी कुणालाच मिळणार नाही, आणि उद्यापासून पोरींना पाठवायची गरज नाही.

"तुमचा पगार एक तारखेला व्हतो, बाई," कांताबाई दारातूनच म्हणाली. "फेरी काढली म्हणून कुणी कापत न्हाई. आमचं कोण भरून देईल?"

दोन वर्षं या बायकांविषयीही प्रभावतीच्या मनात काही चांगलं नव्हतं. ती स्वतः बदनापूरच्या बौद्धवाड्यात वाढली होती. तिच्या आईने बिगारीवर माती वाहिली, पण पोरीला शाळेतून काढलं नव्हतं. त्याच मापाने ती सगळ्यांना मोजायची. तिने तसंच उत्तर दिलं. पोटच्या पोरीला उन्हात उभं करून आपण घरी बसायचं, वर भांडायला शाळेत यायचं, याला काय म्हणावं, असं ती बोलून गेली.

कांताबाई रागावली नाही. खालून वरपर्यंत प्रभावतीकडे बघत राहिली. ते बघणं प्रभावतीला ओळखीचं वाटलं. गुरुजींकडे ती स्वतः असंच बघायची.

"मी उभी राहते म्हणलं तर ठेवत न्हाई तो," कांताबाई म्हणाली. "बाईमाणसाला पुरी रोजी द्यावी लागती. पोरगी अर्ध्यात येती. बारीक बोटं न् फिटं, ते तुम्हाला सांगायला. तुम्ही कवा इचारलं आम्हाला?"

विचारलं नव्हतं. अप्पारावांना विचारलं होतं, वरच्या साहेबांना विचारलं होतं. बौद्धवाडा शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता आणि तिथे ती एकदाच गेली होती, तेही दारात उभ्या उभ्या मुली पाठवा असं सांगून परत फिरायला. प्रभावतीने खडू टेबलावर ठेवला.

कांताबाईचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. पिशव्यांमधली फुलं मलूल पडून गुलाबी झाली होती. तिने एक पिशवी उघडून आत पाहिलं.

"म्हंजी आज प्लॉट तसाच राह्यला?"

"तसाच."

"समदा?"

"सगळा."

कांताबाईने बाकीच्या बायकांकडे पाहिलं. मग उंबऱ्यावर बसली. "मंग घाबरला असल तो," ती सावकाश म्हणाली. "दुपारच्या कळ्या सोलल्या न्हाईत तर उद्याबी जाईल." उठताना बेबीनंदाला हाताने खाली दाबून म्हणाली, "बस हितंच. सुटल्यावर ये."

त्या दुपारी दुर्गाबाई पदर खोचून प्लॉटमध्ये उतरल्या, त्यांच्या जावा उतरल्या. पण कळी सोलायची सवय नव्हती. सोललीपेक्षा मोडलीच जास्त. दिवस मावळायच्या आत अप्पाराव मोटरसायकलवरून बौद्धवाड्यात आले. सकाळची गोष्ट सोडून दिली, म्हणाले, पोरींना पाठवा. बायका अंगणात बसून होत्या. कांताबाईने सांगितलं की पोरी शाळेत जातील. आम्ही येतो, पुऱ्या रोजीत. अप्पारावांनी शिव्या दिल्या. परतूरकडून माणसं आणीन, म्हणाले. आणा, म्हणाल्या. परतूरकडची माणसं एका रात्रीत यायची नव्हती, आणि आजूबाजूच्या गावांतही जिथे प्लॉट होते तिथे कुणी रिकामं नव्हतं. दुसरी सकाळ तशीच वाळून गेली. दुपारी अप्पारावांनी पुरी रोजी कबूल केली आणि बायका कळ्या सोलायला उतरल्या. तिसऱ्या सकाळी कांताबाई आणि तिच्याबरोबरच्या बायका प्लॉटवर होत्या, आणि मुली शाळेत.

सगळ्या नव्हत्या. दोघीतिघींच्या बापांना पोरीची रोजी सोडवत नव्हती, त्या मुली गुपचूप दुसऱ्याच्या प्लॉटवर गेल्या. प्रभावती आता रोज शाळा सुटल्यावर वाड्यांमधून फिरायची. दारात उभं राहून सांगायची सवय मोडली. बसून ऐकायला लागली. ऐकून घेणं तिला जड जायचं. मध्येच तोंड उघडायची आणि कांताबाई म्हणायची, "थांबा जरा, तिचं होऊ द्या."

गुरुजींनी मात्र वेळ दवडला नाही. हेडमास्तरांच्या मार्गदर्शनाखाली आणि सरपंचांच्या सहकार्याने मोरटाकळी गाव बालमजुरीमुक्त झालं, असं त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात वर कळवलं. ढाल मिळाली. जालन्याच्या सभागृहात अप्पाराव आणि गुरुजी दोघांनी मिळून ती घेतली, दोन्ही बाजूंनी धरून, जणू एकाने सोडली तर दुसरा पळवून नेईल. पेपरात प्लॉटवरचा फोटो छापून आला. मुली हसत होत्या. मधोमध अप्पाराव होते. प्रभावती फोटोत नव्हती, याचं तिला बरं वाटलं.

जूनमध्ये तिची बदली निघाली, परतूर तालुक्यात. कारण प्रशासकीय. गुरुजींनी निरोप समारंभ ठेवला, कारण बॅनर अजून चांगला होता. त्यावर नुसता एक कागद चिकटवला. भाषणात ते म्हणाले की साळवेबाईंचा स्वभाव तापट, पण मुलींना शाळेत आणण्याच्या आमच्या कामात त्यांचाही खारीचा वाटा होता. त्यांनी शाल पुढे केली. तिने ती घेतली नाही. दोन शब्द बोलायचेत, म्हणाली.

"मुलींना शाळेत त्यांच्या आयांनी आणलं," ती म्हणाली. "गुरुजी आणि सरपंच त्या वेळी फोटो काढत होते."

टाळ्या वाजल्या नाहीत. गुरुजींचे शाल धरलेले हात तसेच राहिले. मागे भिंतीला टेकून उभी असलेली कांताबाई तेवढी मोकळेपणी हसली.

फाट्यापर्यंत ती सोबत आली. बेबीनंदा पाचवीला पुढच्या गावात जाणार होती. अजून दोघी तिच्याबरोबर जायला तयार होत्या, एकटीला धाडलं नसतं. बोलता बोलता कांताबाईने सांगितलं की अप्पाराव यंदा मोरटाकळीत प्लॉट टाकणार नाहीत. पलीकडच्या गावात दुसऱ्याचं रान बटईने घेऊन टाकतायत. तिथं पोरी येतात म्हणे, अर्ध्या रोजीत.

प्रभावती थांबली. एवढं सगळं होऊन तो माणूस नुसता कूस बदलावी तसा एका गावावरून दुसऱ्या गावावर वळला होता.

"तिथल्या बायांना भेटायला हवं कुणीतरी," ती म्हणाली.

"भेटले की," कांताबाई म्हणाली. "कवाच."

जीप आली. आत जागा नव्हती. प्रभावती मागे दांडीला धरून उभी राहिली आणि कांताबाई रानाच्या वाटेला लागली.